भौतिकशास्त्रातले ‘कार्य’: बल कोणते, वस्तू कोणती आणि ती सरकली किती

‘पुढच्या महिन्यात आमच्याकडे कार्य आहे’ असे कोणी म्हणाले, तर ऐकणारा लग्न आहे की मुंज एवढेच विचारतो. हाच शब्द नववीच्या विज्ञानात पुन्हा भेटतो तेव्हा त्याचा मांडवाशी संबंध नसतोच, पण घामाशीही नसतो. भिंत तासभर ढकलणाऱ्याने शून्य कार्य केले, डोक्यावर हंडा घेऊन सपाट रस्त्याने मैलभर चालणाऱ्या बाईने त्या हंड्यावर काहीच कार्य केले नाही, अशी विधाने वाचून नवा विद्यार्थी चिडतो. त्याचे चिडणे रास्तही आहे, कारण त्याला उत्तर दिले जाते, पण ते नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे बहुधा सांगितले जात नाही.

‘त्या बाईने किती कार्य केले?’ हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अपुरा आहे. पुरा प्रश्न असा असतो: कोणत्या बलाने, कोणत्या वस्तूवर, ती वस्तू कुठून कुठे जाईपर्यंत किती कार्य केले? कार्य हे बलाचे असते, माणसाच्या कष्टाचे नसते. ही एक गोष्ट पक्की धरून पुढच्या पायऱ्या चढल्या, तर या प्रकरणातील बहुतेक गोंधळ जागच्या जागी मिटतो.

हा शब्द कशासाठी हवा होता

खाणींतून पाणी उपसणारी वाफेची यंत्रे युरोपात रूढ झाली, तेव्हा एक यंत्र दुसऱ्यापेक्षा किती उपयोगी आहे हे मोजण्याची गरज निर्माण झाली. नुसते वजन सांगून भागत नव्हते आणि नुसती उंची सांगूनही भागत नव्हते. शंभर किलो पाणी दहा मीटर वर आणणे आणि दोनशे किलो पाणी पाच मीटर वर आणणे यांची किंमत सारखी धरावी लागत होती. वजन आणि उंची यांचा गुणाकार हेच माप त्यामुळे सोयीचे ठरले. फ्रेंच अभियंता आणि गणितज्ञ गास्पार-गुस्ताव कोरिओलिस याने १८२९ मध्ये या गुणाकाराला फ्रेंच भाषेतील ‘श्रम’ या अर्थाचा शब्द वापरला, आणि तोच अर्थ पुढे इंग्रजीमार्गे आपल्या ‘कार्य’ या शब्दाला चिकटला. म्हणजे या संकल्पनेचा जन्म यंत्राच्या हिशेबातून झाला आहे, आणि यंत्र दमत नाही हे लक्षात ठेवले की पुढचे बरेच सोपे जाते.

पहिली पायरी: वस्तू ठरवा आणि तिच्यावरील प्रत्येक बल वेगळे लिहा

विहिरीतून पाण्याने भरलेली बादली वर ओढण्याचे उदाहरण घेऊ. बादली आणि पाणी मिळून १२ किलो, दोराची लांबी १० मीटर, आणि बादली एकसारख्या वेगाने वर येत आहे असे समजू. आपली वस्तू म्हणजे बादली. तिच्यावर दोन बले आहेत: दोराचा वरच्या दिशेचा ताण आणि पृथ्वीचे खालच्या दिशेचे गुरुत्वबल. हवेचा विरोध इतका अल्प आहे की तो सोडून देता येतो. ओढणारा माणूस बादलीला स्पर्शही करत नाही, म्हणून बादलीच्या हिशेबात त्याचे नाव येत नाही. तो दोराला ओढतो आणि दोर बादलीला.

ही यादी न करता थेट सूत्रात आकडे घालण्याची सवय फार मुलांना असते. शिकवणाऱ्यांनीही तिला आळा घालायला हवा, कारण परीक्षेतील निम्मी चुकीची उत्तरे गणितात नव्हे, तर याच ठिकाणी जन्म घेतात असे माझे मत आहे.

गुरुत्वत्वरण ९.८ धरले, तर बादलीचे वजन १२ × ९.८ म्हणजे ११७.६ न्यूटन होते. वेग बदलत नाही, म्हणून दोराचा ताणही तेवढाच आहे. ताणाची दिशा वर आणि बादलीचे विस्थापनही वर, तेव्हा ताणाने केलेले कार्य ११७.६ × १० म्हणजे ११७६ ज्यूल. गुरुत्वबलाची दिशा खाली आणि विस्थापन वर, म्हणून गुरुत्वबलाने केलेले कार्य उणे ११७६ ज्यूल.

ज्यूल म्हणजे किती, याचा अंदाज हाताला असावा. एक न्यूटन बलाच्या दिशेने वस्तू एक मीटर सरकली की एक ज्यूल कार्य होते. साधारण शंभर ग्रॅमचा चिकू जमिनीवरून एक मीटर उंचीच्या ओट्यावर ठेवला, की हाताच्या बलाने त्या चिकूवर जवळजवळ एक ज्यूल कार्य केलेले असते. जुन्या पुस्तकांत अर्ग हे एकक दिसते. एक ज्यूल म्हणजे एक कोटी अर्ग.

दुसरी पायरी: बल आणि विस्थापन यांच्यातील कोन पाहा

बादलीचे उदाहरण सोपे होते, कारण बल आणि विस्थापन एकाच उभ्या रेषेत होते. रेल्वे फलाटावर चाकांची बॅग पट्ट्याने ओढताना तसे नसते. पट्टा तिरका असतो आणि बॅग मात्र जमिनीला समांतर सरकते. अशा वेळी बलाचा जो भाग विस्थापनाच्या दिशेत पडतो, तेवढाच कार्यात मोजला जातो. म्हणून सूत्र असे लिहितात:

कार्य = बल × विस्थापन × कॉस थीटा

यातील थीटा हा बलाची दिशा आणि विस्थापनाची दिशा यांच्यातील कोन आहे, आणि त्या कोनाला बलाचा किती भाग विस्थापनाच्या दिशेत पडतो हे सांगणारा आकडा म्हणजे त्याचे कॉस. पट्ट्यातील ताण ५० न्यूटन, पट्ट्याचा जमिनीशी कोन ३७ अंश आणि बॅग सरकली २० मीटर, असे असेल तर ३७ अंशांचे कॉस जवळजवळ ०.८ असल्यामुळे कार्य ५० × २० × ०.८ म्हणजे ८०० ज्यूल होते. ताणाचा जो उभा भाग उरतो तो बॅगेवर काहीच कार्य करत नाही, पण तो वाया जातो असेही नाही. तो बॅगेला थोडे उचलून धरतो आणि जमिनीवरचा तिचा दाब कमी करतो.

कोन ९० अंशांचा झाला की कॉसची किंमत शून्य होते, आणि इथेच हंडा घेऊन चालणाऱ्या बाईचा प्रश्न सुटतो. तिच्या डोक्याने हंड्यावर लावलेले बल वरच्या दिशेचे आहे आणि हंड्याचे विस्थापन आडवे आहे. त्या आधार देणाऱ्या बलाने हंड्यावर केलेले कार्य शून्य, एवढेच पुस्तकाला म्हणायचे असते; बाईला कष्ट पडत नाहीत असे त्याला म्हणायचे नसते. नेमके पाहायचे तर चालताना प्रत्येक पावलाला डोके थोडे वर जाते आणि थोडे खाली येते, त्यामुळे क्षणभर धन कार्य होते आणि पुढच्या क्षणी ऋण, पण सपाट रस्त्यावर त्यांची बेरीज शून्यावरच येते. वारीत तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन निघालेल्या बायकांनाही हाच हिशेब लागू आहे. मात्र पालखी दिवे घाटात शिरली की तो बदलतो, कारण आता वृंदावन वरही चढत असते.

गोफणीचे उदाहरण याच जातीचे आहे. दगड एकसारख्या वेगाने वर्तुळात फिरत असताना दोरीचा ताण नेहमी केंद्राकडे असतो आणि दगडाची गती त्या ताणाला काटकोनात असते, म्हणून ताण दगडाची दिशा सतत बदलतो, पण त्याच्यावर कार्य मुळीच करत नाही. चंद्राची कक्षा वर्तुळच आहे असे धरले, तर पृथ्वीचे गुरुत्वबल चंद्रावर कार्य करत नाही हेही याच कारणाने.

मग माणूस दमतो का?

हा प्रश्न वर्गात दर वर्षी येतो आणि ‘ते भौतिकशास्त्रात नाही’ म्हणून टाळला जातो, जे बरोबर नाही. हंडा टेबलावर ठेवला तर टेबलही तेवढेच बल वर लावते आणि वर्षभर उभे राहते, त्याला काहीच खर्च येत नाही. स्नायूंची रचना मात्र टेबलासारखी नाही. स्नायू ताठ ठेवायचा म्हणजे त्यातील सूक्ष्म तंतू एकमेकांना पकडतात, ओढतात, सुटतात आणि पुन्हा पकडतात. हे सतत चालू असते. त्या पातळीवर बलही असते आणि विस्थापनही असते, म्हणून तिथे कार्य होते, आणि अन्नातून आलेली ऊर्जा शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. भिंत ढकलणाऱ्याला येणारा घाम हा त्याच्या शरीरात झालेल्या कार्याचा आहे. भिंतीवर मात्र कार्य झालेले नाही, कारण भिंत सरकलेली नाही. वस्तू कोणती हे पहिल्या पायरीवरच ठरवायला सांगितले, ते अशा प्रश्नांसाठी.

तिसरी पायरी: चिन्हाकडे दुर्लक्ष करू नका

कार्याला दिशा नसते, ती अदिश राशी आहे, पण चिन्ह असते. बल वस्तूच्या गतीला साथ देत असेल तर कार्य धन, विरोध करत असेल तर ऋण. धन कार्याने वस्तूकडे ऊर्जा जाते आणि ऋण कार्याने वस्तूकडून ऊर्जा काढून घेतली जाते. सायकलचा ब्रेक, जमिनीवर घसरत थांबणारा चेंडू, विहिरीत सावकाश सोडली जाणारी रिकामी बादली आणि तिचा दोर, ही सगळी ऋण कार्याची रोजची उदाहरणे आहेत.

क्रिकेटमधील झेल या बाबतीत फार बोलका आहे. चेंडूचे वस्तुमान साधारण ०.१६ किलो असते. तो सेकंदाला २० मीटर वेगाने येत असेल तर त्याची गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे त्याच्याकडे असलेली ऊर्जा, अर्धा × ०.१६ × ४०० म्हणजे ३२ ज्यूल आहे, आणि चेंडू थांबवायचा तर हातांच्या बलाने त्याच्यावर उणे ३२ ज्यूल कार्य व्हायलाच हवे. त्यातून सुटका नाही. हे कार्य १० सेंटिमीटरमध्ये उरकले तर सरासरी बल ३२० न्यूटन लागते, आणि हात मागे घेत ते ४० सेंटिमीटरवर पसरवले तर ८० न्यूटन पुरते. हात मागे घे, असे मैदानावर ओरडणारा प्रशिक्षक कार्याचे सूत्रच सांगत असतो.

चौथी पायरी: सगळ्या बलांची बेरीज गतिज ऊर्जेशी ताडून पाहा

झेलाच्या उदाहरणात जे सूत्र गुपचूप वापरले ते आता उघड मांडू. वस्तूवरील सर्व बलांनी केलेल्या कार्यांची बेरीज तिच्या गतिज ऊर्जेतील बदलाइतकी असते. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, याचा अर्धा भाग. हा अर्धाही कोरिओलिसनेच त्याच १८२९ च्या मांडणीत घातला, कारण त्यामुळे कार्याशी मेळ थेट बसतो.

बादलीकडे परत पाहा. ताणाचे कार्य अधिक ११७६ ज्यूल, गुरुत्वबलाचे उणे ११७६, बेरीज शून्य. विद्यार्थी इथे दचकतो आणि विचारतो की मग सगळी मेहनत गेली कुठे. बेरीज शून्य आहे याचा अर्थ एवढाच की बादलीचा वेग बदललेला नाही. दोराने दिलेली ऊर्जा बादली आणि पृथ्वी यांच्या जोडीत स्थितिज ऊर्जा म्हणून साठली आहे, आणि दोर तुटला तर ती बादली आपटण्याच्या आवाजासह परत मिळते.

याच नियमाचा एक परिणाम प्रत्येक दुचाकीस्वाराला ठाऊक असावा असे मला वाटते. स्वारासह स्कूटरचे वस्तुमान १८० किलो आहे आणि ब्रेक लावल्यावर रस्त्याचे घर्षण ९०० न्यूटन मिळते असे समजू. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग असताना गतिज ऊर्जा ९००० ज्यूल आहे आणि गाडी १० मीटरमध्ये थांबते. ताशी ७२ किलोमीटर वेगाला ती ऊर्जा ३६,००० ज्यूल होते आणि थांबायला ४० मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. आणि ब्रेक दाबेपर्यंत गेलेला वेळ यात धरलेलाही नाही.

सूत्र कुठे चालत नाही

वर दिलेले सूत्र बलाचे मूल्य आणि दिशा कायम असेल तरच थेट वापरता येते. ही अट लहान अक्षरांत छापली जाते आणि विसरली जाते. एक जड पेटी अंगणाच्या चारही कडांनी ढकलत पुन्हा मूळ जागी आणली, आणि एकूण वाट ४० मीटर झाली, असे समजा. विस्थापन शून्य आहे. मग घर्षणाचे कार्यही शून्य का? नाही. घर्षणाची दिशा प्रत्येक वळणावर बदलली आणि ते दर वेळी गतीच्या विरुद्धच राहिले, म्हणून प्रत्येक बाजूचा हिशेब वेगळा करून बेरीज करावी लागते. घर्षण ५० न्यूटन असेल तर त्याचे एकूण कार्य उणे २००० ज्यूल येते, आणि तेवढी ऊर्जा पेटीचा तळ व फरशी तापवण्यात जाते.

गुरुत्वबलाचे तसे नाही. ते नेहमी खालीच असते, म्हणून वस्तू कोणत्याही वाटेने फिरून मूळ उंचीवर आली की त्याचे कार्य शून्यच होते. वाटेवर अवलंबून नसणारी बले आणि वाटेवर अवलंबून असणारी बले, हा भेद पुढे अकरावीत महत्त्वाचा ठरतो; ज्या बलांचे कार्य वाटेवर अवलंबून नसते, त्यांच्यासाठीच स्थितिज ऊर्जेची कल्पना वापरता येते.

बलाचे मूल्यच बदलत असेल तर काय करावे? स्प्रिंग जितकी ताणावी तितकी ती अधिक जोराने ओढते. अशा वेळी विस्थापन आडव्या अक्षावर आणि बल उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढावा. आलेखाखालचे क्षेत्रफळ हेच कार्य. स्प्रिंगचा आलेख तिरकी सरळ रेषा असतो, म्हणून क्षेत्रफळ त्रिकोणाचे, आणि कार्य म्हणजे स्प्रिंगचा स्थिरांक गुणिले ताणलेल्या लांबीचा वर्ग, याचा अर्धा भाग. मीटरला २०० न्यूटन स्थिरांकाची स्प्रिंग १० सेंटिमीटर ताणायला १ ज्यूल लागतो, २० सेंटिमीटर ताणायला ४ ज्यूल.

वेळेचा संबंध

कार्यात वेळ येत नाही. बादली अर्ध्या मिनिटात काढली काय किंवा पाच मिनिटांत, ११७६ ज्यूल तेवढेच. वेळेने भागले की शक्ती मिळते आणि तिचे एकक वॅट. वीजबिलावरचे युनिट हे शक्तीचे नव्हे तर ऊर्जेचे एकक आहे, म्हणजे एक किलोवॅट-तास, ३६ लाख ज्यूल. एक घनमीटर पाणी ४०० मीटर खाली उतरले तर गुरुत्वबल त्याच्यावर १००० × ९.८ × ४०० म्हणजे ३९ लाख २० हजार ज्यूल कार्य करते, जेमतेम एका युनिटाहून थोडे अधिक. घाटमाथ्यावरचे पाणी कोकणाच्या बाजूला उतरवून वीज निर्माण करणाऱ्या कोयनेसारख्या प्रकल्पांना एवढे प्रचंड पाणी का लागते, ते यावरून कळते.

गड चढण्याचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. ५० किलोच्या व्यक्तीने ६०० मीटर उंची गाठली, तर गुरुत्वबलाविरुद्ध २,९४,००० ज्यूल, म्हणजे फक्त ७० किलोकॅलरी कार्य होते. स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम पाव भाग यांत्रिक कार्यात बदलतात असे धरले, तर खर्च २८० किलोकॅलरींच्या आसपास जातो. वर पोहोचून एक वडापाव खाल्ला की हिशेब जवळजवळ मिटला.

एक पूर्ण उदाहरण

५० किलोचे पोते १.२ मीटर उंचीच्या ट्रकमध्ये चढवायचे आहे. पोत्याचे वजन ४९० न्यूटन. सरळ उचलले तर उचलणाऱ्याच्या बलाचे कार्य ४९० × १.२ म्हणजे ५८८ ज्यूल. आता ३ मीटर लांबीची फळी लावली. घर्षण नसते तर फळीला समांतर १९६ न्यूटन बल पुरले असते आणि १९६ × ३ म्हणजे पुन्हा ५८८ ज्यूलच झाले असते. बल कमी लागते, पण अंतर तेवढ्याच पटीने वाढते. फळीवर ८० न्यूटन घर्षण आहे असे धरले, तर हमालाला एकसारख्या वेगाने ढकलायला २७६ न्यूटन लावावे लागतात. आता बलांची यादी: हमालाचे बल, कार्य अधिक ८२८ ज्यूल, गुरुत्वबल, उणे ५८८, घर्षण, उणे २४०, फळीचे पोत्यावरील बल फळीला काटकोनात, म्हणून शून्य. बेरीज शून्य, आणि वेग बदललेला नाही, म्हणून ताळा जुळतो. फळीमुळे एकूण कार्य वाढलेच आहे, तरी हमाल फळीच पसंत करतो, कारण एका वेळी लागणारे बल जवळजवळ अर्ध्यावर येते.

आता तेच पोते त्याच फळीवरून एकसारख्या वेगाने खाली उतरवायचे आहे असे समजून वही पुढे ओढावी आणि खालच्या ओळी वाचण्याआधी यादी स्वतः करून पाहावी. गुरुत्वबल या वेळी गतीला साथ देते, म्हणून अधिक ५८८ ज्यूल. घर्षण अजूनही विरोधातच, उणे २४०. बेरीज शून्य व्हायची तर हमालाच्या बलाचे कार्य उणे ३४८ ज्यूल यायला हवे, म्हणजे त्याने पोते ढकलायचे नसून ११६ न्यूटन बलाने वरच्या बाजूला रोखून धरायचे आहे.